युकुलेलेवर 'ऑगमेंटेड सेव्हन्थ' कॉर्ड कशी वाजवायची?

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात मोबाइल समोर ठेवून युकुलेले शिकणारा असो की शिकवणीला जाणारा, सी, एफ आणि जी सेव्हन जमल्या की बरीच गाणी वाजू लागतात. मग एखाद्या गाण्यात 'सी ऑग सेव्हन' असं लिहिलेलं दिसतं. अनेक जण तिथे साधी सी सेव्हन वाजवून पुढे जातात. पण गाण्याची चाल त्या जागी कोमल धैवतावर थांबली असेल, तर सी सेव्हनमधला पंचम तिला खटकतो आणि गायक बेसुरा वाटू लागतो.

ही कॉर्ड म्हणजे नेमकं काय?

पांढरी १, म्हणजेच सी, हा षड्ज धरा. सी सेव्हनमध्ये सा, ग, प आणि कोमल नी हे चार स्वर असतात. ऑगमेंटेड सेव्हन्थमध्ये फक्त पंचम अर्धा स्वर चढतो आणि कोमल ध होतो. घरी पेटी असेल तर पांढरी १, पांढरी ३, काळी ४ आणि काळी ५ एकत्र दाबून पाहा. आवाज अधांतरी वाटेल, कुठेतरी पोहोचायचं राहिल्यासारखा. या कॉर्डचं कामच ते आहे.

बोटं कुठे ठेवायची?

युकुलेलेच्या तारा जी, सी, ई, ए अशा लावलेल्या असतात. खालचे आकडे त्याच क्रमाने फ्रेट सांगतात. ० म्हणजे मोकळी तार.

- सी सेव्हन: ०-०-०-१
- सी ऑग सेव्हन: १-०-०-१
- एफ: २-०-१-०

आता फक्त जी तारेकडे बघा: ०, १, २. म्हणजे प, कोमल ध, शुद्ध ध. एकच स्वर पायरी पायरीने चढतो आणि एफवर पोहोचल्यावर कानाला घरी आल्यासारखं वाटतं.

सी सेव्हन एरवी तर्जनीने धरतात. इथे ती अनामिकेने धरा, म्हणजे तर्जनी जी तारेसाठी मोकळी राहते. एक बोट आडवं टाकून चारही तारा दाबू नका. मधल्या दोन तारा मोकळ्याच वाजल्या पाहिजेत. त्या दबत असतील तर बोटं जरा वाकवून टोकाने दाबा.

बाकीच्या कॉर्ड पाठ कराव्या लागतात का?

नाही. सेव्हन्थ कॉर्डमधला पंचम शोधायचा आणि एक फ्रेट पुढे सरकवायचा.

- जी सेव्हन ०-२-१-२, जी ऑग सेव्हन ०-३-१-२
- ए सेव्हन ०-१-०-०, ए ऑग सेव्हन ०-१-१-०
- डी सेव्हन २-२-२-३, डी ऑग सेव्हन ३-२-२-३

सराव कसा करायचा?

सी सेव्हन दोन मात्रा, सी ऑग सेव्हन दोन मात्रा, मग एफ चार मात्रा. आधी एकेक तार छेडून चारही स्वर स्वच्छ येतात का ते तपासा, मगच लय वाढवा. बोटं न बघता हा बदल जमला की गाण्यात ही कॉर्ड गाळावी लागणार नाही.