थंडीचे बळी मोजायचे कुणी?

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पाड्यांवर आजही कारवीच्या कुडाची घरं दिसतात. कुडावर शेणामातीचा लेप असतो. लेप जिथे उडाला, तिथून पौषातलं पहाटेचं वारं थेट गोधडीत शिरतं. अशा घरातलं म्हातारं माणूस जानेवारीत अर्धांगवायूने गेलं, तर लोक म्हणतात, वय झालं होतं. थंडीचं नाव कुणी घेत नाही.

ऊन लपत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर १४ जण दगावले, ते साऱ्या महाराष्ट्राला कळलं. उन्हात रक्त कातडीकडे धावतं, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, हृदयावर ताण येतो; अंगातली उष्णता ४० अंशांपुढे गेली की शुद्ध हरपू लागते. थंडी दमाने घेते. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, गुठळी होण्याचा धोका वाढतो, छातीचे आजार बळावतात. परिणाम कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, तोवर हवा पालटलेली असते.

देशभरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या हिशेबाने २०१५ मध्ये पक्षाघात, हृदयविकार आणि श्वसनविकारांनी ३० ते ६९ वयाची सुमारे १,९७,००० माणसं मध्यम थंडीपायी गेली. कडाक्याच्या थंडीच्या बळींपेक्षा हा आकडा १२ पट, तीव्र उष्णतेच्या बळींपेक्षा ४२ पट! लाट क्वचित येते. अंगवळणी पडलेली थंडी महिनोन् महिने असते.

सगळीकडे असंच असेल, असंही नाही. पुण्याजवळच्या वढू परिसरातल्या गावांत केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र घरोघरच्या मृत्यूंची नोंद ठेवतं. तिथे ३९ अंशांवरच्या उन्हाने कामकरी वयातले मृत्यू वाढलेले दिसले, थंडीचा परिणाम मात्र आढळला नाही. म्हणून पेठचा हिशेब पेठमध्येच मांडायला हवा. इथली माणसं एप्रिलमध्ये दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत खरड छाटणीला जातात, बाया मे महिन्यात हंडे घेऊन लांबून पाणी आणतात. हिवाळ्यात पुन्हा तोच कूड, तीच फट.

थंडीवर घरातच उपाय करता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाला घरातच ऊबदार ठेवण्याची रीत बसवली. आता आशाताई घरी येऊन बाळाचा ताप मोजते. हिवाळ्यातल्या त्याच फेरीत घरातल्या आजी-आजोबांचा रक्तदाबही तपासला जावा, आणि गोळ्या दिवाळीआधीच पाड्यावर पोचाव्यात.