गिझर खदखदतो म्हणजे फुटणार का?

भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे या मुळशीच्या पूर्व पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये थंडी पडली की एक तक्रार हमखास कानावर येते: गिझर आवाज करतो. बटण दाबल्यावर थोड्या वेळाने आतून बारीक 'चूं' सुरू होतं, मग तडतड, आणि पाणी तापत आलं की चुलीवरचं आधण खदखदावं तशी खदखद. आजी म्हणतात, बंद करा तो, फुटेल. मुलगा म्हणतो, जुना झालाय, नवा घेऊ. शेजारी म्हणतात, आमचाही करतो, काही होत नाही. तिघांचंही म्हणणं अर्धवट आहे. यातल्या काही समजुतींनी फक्त खिसा हलका होतो, पण काही जिवावर बेततात. म्हणून त्या नीट तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज: खदखद म्हणजे टाकी फुटायला आली

नाही. साठवणीच्या विजेच्या गिझरमधली खदखद बहुतेक वेळा क्षारांची असते. मुळशीत पाऊस धो धो पडतो, तालुक्यात भलंमोठं धरणही आहे. पण त्या धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला भिऱ्याकडे जातं आणि पूर्वेकडच्या कितीतरी इमारतींच्या टाक्या बोअर नाहीतर टँकरच्या पाण्यावर भरतात. पावसाचं पाणी मुळात मऊ असतं. तेच काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन उतरतं. असं जड पाणी तापवलं की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं विघटन होतं आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या थराच्या रूपात बाहेर पडतं. शॉवरच्या जाळीची भोकं बुजवणारा आणि नळाच्या तोंडाशी साचणारा थर तोच.

गिझरमध्ये हा थर सगळ्यात आधी कॉइलवर बसतो, कारण सगळ्यात गरम तीच. जुनी कॉइल बाहेर काढलेली पाहिली तर लक्षात येतं: बोटाएवढी नळी मनगटाएवढी झालेली असते, वर राखाडी-पांढरी खपली, आणि टाकीच्या तळाला त्याच खपल्यांचा चुरा. या थराखाली अडकलेलं थोडंसं पाणी पटकन उकळतं, त्याचे वाफेचे बुडबुडे होतात, ते वरच्या थंड पाण्यात शिरताच चेपले जातात. प्रत्येक बुडबुडा चेपताना टक्कन आवाज होतो, आणि असे हजारो आवाज मिळून ती खदखद होते. टाकीतलं सगळं पाणी उकळत नसतं. थर्मोस्टॅट धड असेल तर ते ठरलेल्या तापमानाला थांबतं.

म्हणजे घाबरून पळायचं कारण नाही. पण दुर्लक्षही करू नये, कारण थराखालची कॉइल आपली उष्णता पाण्याला सहज देऊ शकत नाही. ती आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस तिचं कवच तडकतं.

गैरसमज: टीडीएस कमी आला, म्हणजे पाणी मऊ

टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांचा) मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. जडपणा वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतं. सोसायटीने बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेतून तपासून घेतलं की अंदाजाचा प्रश्न मिटतो. तुरटी फिरवून जडपणा जातो, ही समजूतही चुकीची. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार तसाच राहतो. त्यासाठी सॉफ्टनरच लागतो.

गैरसमज: क्षारामुळे विजेचं बिल दुप्पट होतं

हे वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडी फार असतं. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडालेली असते. थर असो वा नसो, तिने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात जाते. 25 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला साधारण सव्वा युनिट लागतं, ते थराने दुप्पट होत नाही. नुकसान होतं ते कॉइलचं आणि टाकीचं. गॅस गिझरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे तांब्याच्या नळ्यांत थर साचला की उष्णता पाण्यात न जाता धुरासोबत निघून जाते आणि सिलिंडर खरोखरच लवकर संपतो.

गिझरला तापमानाचा नॉब असेल तर तो शेवटपर्यंत फिरवू नका. पाणी जितकं जास्त तापेल तितका थर जास्त. 60 अंशांच्या आसपास ठेवणं बरं. त्याहून फार खाली उतरवणंही योग्य नाही, कारण कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात.

गैरसमज: व्हॉल्व्ह गळतोय, बूच मारून टाका

आवाजापेक्षा मला या सवयीची जास्त भीती वाटते. ताम्हिणीच्या बाजूला काही घरांत अजून तांब्याचे बंब तापतात. बंब वरून उघडा असतो, नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की गरम पाणी तोटीतून बाहेर येतं, त्यामुळे दाब साठायला जागाच नाही. गिझर मात्र बंद टाकी आहे. पाणी तापलं की फुगतं: 25 अंशांवरून 75 वर गेलं तर सुमारे दोन टक्के, म्हणजे 25 लिटरच्या टाकीत अर्धा लिटर. हे वाढीव पाणी जाण्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. गिझर चालू असताना तिथून थेंब टपकले तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय असं समजा. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र व्हॉल्व्ह बिघडलाय, किंवा इमारतीतल्या पंपाचा दाब जास्त आहे. गिझर किती बार दाब सोसतो ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार, हा हिशेब घरीही करता येतो.

टपकणाऱ्या तोंडाला बूच मारलं, थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी फार तापल्यावर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला, तर पाणी दाबाखाली 100 अंशांच्या पुढे जातं. टाकी तडकली की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा मागते. गिझर फुटतात ते असे. नळातून पाण्याऐवजी फसफसत वाफ आली, व्हॉल्व्हमधून उकळतं पाणी उडालं, तर गिझरला हात लावू नका. मेनबोर्डावरून वीज बंद करा, न्हाणीघरातून सगळ्यांना बाहेर काढा आणि टेक्निशियनला बोलवा. तोवर गिझर पुन्हा चालू करायचा नाही.

गैरसमज: ॲसिड ओतलं की गिझर साफ

फरशी धुण्याचं ॲसिड टाकीच्या आतल्या काचेच्या लेपाला, तांब्याला आणि रबरी वायसरला खातं. क्षार काढायला सायट्रिक ॲसिडसारखी सौम्य द्रावणं वापरतात, तीही वीज तोडून, टाकी रिकामी करून. हे काम टेक्निशियनकडूनच करून घ्या. त्याच वेळी ॲनोड पाहायला सांगा. ही मॅग्नेशियमची कांडी टाकीऐवजी स्वतः गंजते, आणि संपली की टाकीची पाळी येते. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, ही सफाई करून घ्यावी.

गैरसमज: एमसीबी आहे, शॉक लागणार नाही

एमसीबी जास्त भाराने किंवा शॉर्टसर्किटने पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा प्रवाह त्याच्या दृष्टीने फारच किरकोळ असतो. त्यासाठी 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी आणि धड अर्थिंग लागतं. कॉइलचं कवच तडकल्यावर नळाला झिणझिण्या येतात ते अर्थिंग धड नसल्यामुळे. झिणझिण्या आल्या की इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत गिझर बंद. दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ ॲम्पियर ओढतो, त्याला 16 ॲम्पियरचाच सॉकेट हवा. सॉकेटमधून चरचर किंवा जळका वास आला तर तो दोष गिझरचा नाही, वायरिंगचा.

आवाजांचंच म्हणाल तर, भिंतीतल्या पाइपातून ठक् असा एकच ठोका येत असेल तर तो नळ झटकन बंद केल्याने येतो. पाइप क्लॅम्पने घट्ट बसवले की तो बराच कमी होतो.

गैरसमज: गॅस गिझर शांत चालतो, म्हणजे सुरक्षित

याच्याइतकी घातक समजूत दुसरी नाही. विजेचा गिझर बिघडताना आवाज करतो. गॅस गिझर मात्र काहीही न सांगता माणूस मारू शकतो. बंद न्हाणीघरात जळताना तो प्राणवायू संपवतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसचा वास येतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो, या वायूचा येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि दाराची कडी काढायचीही ताकद उरत नाही. थंडी वाजते म्हणून खिडकी लावून घेणारे आपण नेमकं हेच संकट ओढवून घेतो.

गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. ज्योत निळी हवी. पिवळी-लाल दिसली, काजळी धरली किंवा पेटताना 'भप्प' असा भडका झाला, तर त्याच दिवशी वापर थांबवा. भडक्याचा अर्थ असा की गॅस आधी साचतोय आणि मग पेटतोय: बर्नरमध्ये कचरा असेल, सेल उतरले असतील किंवा गॅसचा दाब चुकत असेल. कुणी आत चक्कर येऊन पडलं तर आधी दार-खिडक्या उघडा, श्वास रोखून त्या व्यक्तीला बाहेर हवेत आणा, गॅस बंद करा आणि 108 ला फोन लावा. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे.

कारखान्यांच्या बॉयलरना कायदा आहे, 1923चा होता आणि आता 2025चा आला. पण पाणी 100 अंशांच्या आत तापवणारी भांडी त्यात मोडत नाहीत. घरच्या गिझरची तपासणी करायला कोणी सरकारी माणूस येणार नाही. तुमचा गॅस गिझर न्हाणीघराच्या आत असेल, तर या हिवाळ्याची वाट न पाहता तो आजच बाहेर हलवायला सांगा, आणि हलेपर्यंत चुलीवर पाणी तापवा.