बदलते हवामान आणि संत्र्याचा बहार

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात शेंदूरजनाघाट हे गाव वसलेले आहे. संत्र्याच्या बागा आणि संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका ह्या दोन गोष्टींमुळे ह्या गावाचे नाव दूरवर झालेले आहे. संत्र्याचे झाड लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी फळावर येते आणि चांगली निगा राखल्यास पंचवीस-तीस वर्षे उत्पन्न देते. सबब, बाग लावणारा शेतकरी एका हंगामाच्या नव्हे, तर एका पिढीच्या हवामानावर भिस्त ठेवून आपला पैसा व श्रम जमिनीत घालीत असतो. कपाशी किंवा तूर साधली नाही तर पुढील वर्षी पेर बदलता येतो. बाग तशी बदलता येत नाही. म्हणूनच हवामानबदलाचा विचार बागाईतदारांनी इतरांपेक्षा अधिक काळजीपूर्वक करणे अगत्याचे आहे.

बहाराचे वेळापत्रक

संत्र्याला फुले येण्यापूर्वी झाडाला काही काळ विश्रांती मिळावी लागते. ती थंडीमुळे अगर पाणी तोडल्यामुळे मिळते. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बाग ताणावर सोडतात, जमिनीच्या मगदुराप्रमाणे सुमारे एक ते दोन महिने ताण देतात व जानेवारीत ओलीत सुरू करून बहार घेतात. मृग बहारासाठी मे महिन्यात ताण देतात आणि जूनच्या पावसाने तो सुटतो. थंडी, कोरडेपणा व पाऊस ही तिन्ही ठरलेल्या वेळी आली तरच हे गणित जुळते.

अडचण येथेच आहे. ताण चालू असता डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला, तर ताण मोडतो आणि फुलांऐवजी नवती फुटते. हिवाळ्यातील रात्री उबदार राहिल्या, तरी फूट विरळ होते. फुले येऊन फळ धरले आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ ते ४५ अंशांपलीकडे गेला, तर लहान फळे गळतात. मृगाचा पाऊस लांबला तर बहार फुटत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात झड लागून राहिली तर मुळ्या गुदमरतात, डिंक्या रोग बळावतो व पोसलेली फळे जमिनीवर येतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात दूरवर झालेल्या गारपिटीने एका तासात हंगाम कसा हातचा जातो, हेही शेतकऱ्यांनी पाहिले आहे.

अशी वाईट वर्षे पूर्वी येत नसत असे नाही. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडने सोसला आणि १९७२ चा दुष्काळही महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. परंतु पूर्वी अशी वर्षे अधूनमधून येत. आता ती जवळजवळ येऊ लागली आहेत, आणि एकाच वर्षात ताण, उष्णता व अतिवृष्टी ह्या तिन्ही आपत्ती येऊ लागल्या आहेत.

हवामान का बदलत आहे

कोळसा, पेट्रोल व डिझेल जाळल्याने कर्बद्विप्राणिद वायू हवेत मिसळतो. यंत्रयुगाच्या आरंभापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक झाले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थंडीत अंगावर घेतलेली गोधडी जशी ऊब धरून ठेवते, तसेच हे होय. हवा एक अंशाने तापली म्हणजे ती सुमारे ७ टक्के अधिक वाफ धरू शकते. तापलेली हवा जमिनीतील ओल लवकर शोषून घेते आणि पाऊस पडू लागला म्हणजे तो एकदम व जोराचा पडतो. उघाड लांबणे व सर तीव्र होणे, ही दोन्ही एकाच कारणाची फळे आहेत.

ह्या वायूच्या निर्मितीत सर्वांचा वाटा सारखा नाही. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन, तर भारतात सुमारे २ टन वायू सोडला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा तर नगण्य आहे. नुकसान मात्र त्याला प्रथम पोहोचते. २०१५ साली पॅरिस येथे सर्व देशांनी तापमानवाढ आवरण्याचा करार केला आणि २०२२ साली शर्म अल् शेख येथे हानी सोसणाऱ्या गरीब देशांसाठी निधी उभारण्याचे मान्य झाले. ते प्रयत्न अवश्य व्हावेत; परंतु बहार त्यांच्यासाठी थांबत नाही.

निरनिराळ्या देशांचा अनुभव

ब्राझील हा संत्र्याच्या रसाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश आहे. तेथे उष्णता, अवर्षण व ग्रीनिंग रोग ह्यांमुळे २०२४-२५ च्या हंगामात गेल्या तीन दशकांतील नीचांकी पीक आले. तेथील काही मोठ्या बागाईतदारांनी नवी लागवड दुसऱ्या राज्यांत करण्यास आरंभ केला. स्पेनमधील व्हॅलेन्शिया प्रांत संत्र्यासाठी विख्यात आहे. तेथे ऑक्टोबर २०२४ मध्ये काही तासांत प्रचंड पाऊस होऊन दोनशेहून अधिक माणसे दगावली. देश श्रीमंत असूनही लोकांपर्यंत इशारा उशिरा पोहोचला. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्याच्यापाशी भांडवल आहे तो जागा बदलू शकतो. शेंदूरजनाघाटच्या दोन-चार एकरांच्या मालकाला ते शक्य नाही. दुसरे असे की, वेळेवर पोहोचलेली सूचना ही बांधाइतकीच मोलाची असते.

बांगलादेशाने ही दुसरी गोष्ट चांगली ओळखली आहे. वरुड-मोर्शीच्या संत्र्याला ज्या देशाची बाजारपेठ मिळत आली, तोच हा देश. १९७० च्या चक्रीवादळात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे मृत्यू पावली. पुढे गावोगाव निवारे बांधले गेले, स्वयंसेवक तयार झाले व इशारे घरोघर पोहोचू लागले. २०२० च्या अंफान वादळात बळींची संख्या काही डझनांवर आली. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरण्याचे संकट मात्र अद्याप आहे. त्यासाठी क्षार सोसणारे भाताचे वाण लावतात आणि पाणथळ भागात जलपर्णीच्या तरंगत्या वाफ्यांवर भाजीपाला पिकवितात.

नेदरलँड्समध्ये १९५३ सालच्या पुरात १,८३६ माणसे बुडाली. त्यानंतर तेथे प्रचंड बांध उभारले गेले. पुढे मात्र केवळ बांध वाढविणे पुरेसे नाही हे ओळखून नद्यांना पसरण्यास जागा मोकळी करून देण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात ह्याहून कमी खर्चाचा मार्ग सापडला. १९७० नंतरच्या दुष्काळांत याकुबा सावादोगो ह्या शेतकऱ्याने उन्हाळ्यात कडक जमिनीत खड्डे घेऊन त्यांत शेणखत घालण्याची जुनी पद्धत सुधारली. पहिल्या पावसाचे पाणी त्या खड्ड्यांत मुरते व पीक तगते. शेजारच्या नायजर देशात शेतकऱ्यांनी शेतात आपोआप उगवणारी झाडे न तोडता राखली आणि सुमारे ५० लाख हेक्टर जमीन पुन्हा हिरवी झाली.

खोल बोअर हा उपाय नव्हे

वरुड तालुक्यात पाणी कमी पडले की बोअर अधिक खोल करण्याचा प्रघात पडला आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले आणि बोअर आटले म्हणून आणखी खोल बोअर आले. वऱ्हाडच्या काळ्या पाषाणात पाणी वरच्या मुरमाड थरात व भेगांत साठते. खोल गेल्याने पाण्याचा साठा वाढत नाही. एकाचा बोअर खोल गेला म्हणजे शेजाऱ्याची विहीर आटते, आणि शेवटी दोघांच्याही बागा वाळतात. भूजलाच्या पाहणीत वरुड तालुका अतिशोषित गटात नोंदला गेला आहे, तो ह्याच कारणाने. वाळलेली संत्र्याची झाडे तोडून सरपणासाठी विकण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना ह्याचा अर्थ अधिक सांगणे नलगे.

बागाईतदारांनी काय करावे

१. कलम निवडून घ्यावे. जंभेरी किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर, जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर डोळा भरलेले निरोगी कलम घ्यावे. लागवडीच्या वेळी डोळ्याचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नये. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांवर ह्या बाबतीत मोठी जबाबदारी आहे, कारण येथील रोगट कलम दुसऱ्या जिल्ह्यातील बागेत पंचवीस वर्षे नुकसान करील.

२. पाण्याचा निचरा राखावा. भारी जमिनीत झाडांच्या ओळींमधून उताराच्या दिशेने चर काढावेत. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडाला एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे.

३. ओल जपावी. ठिबक किंवा दुहेरी आळ्याने पाणी द्यावे. खोडाला पाणी लागू देऊ नये. उन्हाळ्यात झाडाखाली पालापाचोळ्याचे अगर कुटाराचे आच्छादन करावे.

४. पावसाचे पाणी धरावे. एक हेक्टर जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी ५ लाख लिटर होते. सहा मीटर अंतरावर लावलेल्या हेक्टरभर बागेत सुमारे २७७ झाडे असतात. म्हणजे एका सरीत दर झाडामागे सुमारे १,८०० लिटर पाणी येते. ते धुऱ्याबाहेर वाहून जाऊ देण्याऐवजी शेततळ्यात व विहीर पुनर्भरणाच्या खड्ड्यात वळवावे. मात्र गाळ विहिरीत जाऊ नये म्हणून खड्ड्यात दगड, खडी व वाळू ह्यांचे थर द्यावेत.

५. सर्व बाग एकाच बहारावर सोपवू नये. पाण्याची सोय पाहून बागेचा काही भाग आंबियासाठी व काही मृगासाठी राखावा. ताणाच्या काळात पाऊस झाल्यास नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा अथवा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घेऊनच वाढरोधकाची फवारणी करावी.

६. फळपीक विमा मुदतीत उतरवावा. ह्या योजनेत भरपाई हवामान केंद्रातील नोंदींवरून ठरते. सबब, आपल्या महसूल मंडळातील केंद्र कोठे आहे व पाऊस, उष्णता आणि गारपीट ह्यांच्या कोणत्या अटी लागू आहेत, हे आधी समजून घ्यावे.

७. मजुरांचे उन्हापासून रक्षण करावे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने सुमारे ७० हजार माणसे दगावली. वऱ्हाडचा उन्हाळा त्याहून कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांतील कामे सकाळी लवकर उरकावीत आणि पिण्याचे पाणी व सावली जवळ ठेवावी.

गावाने मिळून करावयाचे काम

वरील उपाय एकेका शेतकऱ्याच्या हातातील आहेत; भूजल मात्र कोणा एकाच्या मालकीचे नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील तीन तालुक्यांत झाली, त्यांत वरुड तालुका होता. गावकऱ्यांनी श्रमदानाने पाणी अडविले, हे निश्चितच प्रशंसनीय होय. परंतु अडविलेले पाणी ज्याचा बोअर खोल त्यानेच उपसावे असे झाले, तर सर्वांचे श्रम वाया जातील. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने ह्यावर मार्ग काढला आहे. तेथे ग्रामसभा दरवर्षी पावसाची व भूजलाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावरून पिके ठरविते, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास तेथे बंदी आहे.

शेंदूरजनाघाटच्या पट्ट्यातही असा ताळेबंद मांडता येईल. पावसाळा संपताच विहिरींची पातळी मोजावी, उन्हाळ्यात किती झाडे जगविता येतील त्याचा हिशेब करावा आणि नवी लागवड त्या हिशेबातच करावी. जगाचे हवामान एका गावाला आवरता येणार नाही. आपल्या शिवारात पडलेले पाणी किती मुरवावे व किती उपसावे, हे मात्र गावाच्याच हाती आहे; आणि आज लावलेले कलम पंचवीस वर्षांनी फळ देत असेल की नाही, हे त्यावरच अवलंबून राहील.