सिमकार्डाविना चालणारा वॉर्डातला फोन

रात्रीचे दोन वाजलेले. रुग्णाचा रक्तदाब घसरतो आणि सिस्टर खिशातल्या फोनवरून डॉक्टरांना बोलावते. फोन मोबाइलसारखाच दिसतो, पण त्यात सिमकार्ड नाही. बोलत बोलत ती औषधांच्या खोलीकडे निघते आणि जिन्यापाशी आवाज तुटू लागतो. तो तुटतो का, हे कळायला फोन चालतो कसा हे पाहावे लागेल.

लोणी-शिर्डीची मोठी रुग्णालये, सुप्याची एमआयडीसी, साखर कारखाने अशा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पसरलेल्या आवारांना सोयीची अशी ही पद्धत आहे. फोन आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेऊन त्यांचे आकडे करतो. दर 20 मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पाकीट बनते, म्हणजे सेकंदाला 50 पाकिटे. ती वाय-फायने छतावरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटकडे आणि तिथून केबलने पुढे जातात. कोणता नंबर कुठे आहे याची नोंद एक्स्चेंजचे काम करणारा संगणक ठेवतो. तो इमारतीतच असेल, तर इंटरनेट बंद पडले तरी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फोन लागतो.

ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर बिघडत नाही. बोलण्यात मात्र एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. म्हणून नेटवर्कमध्ये आवाजाच्या पाकिटांना आधी वाट दिली जाते.

अडचण येते ती चालताना. एका अ‍ॅक्सेस पॉइंटची रेंज सोडून फोनला दुसरा पकडावा लागतो आणि तिथे पुन्हा ओळख पटवावी लागते. यात वेळ गेला, की आवाज तुटतो. जाड दगडी भिंती, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, शिसे लावलेली एक्स-रे खोली याही लहरी अडवतात. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल सहसा तीनच मिळतात. म्हणून गर्दीच्या जागी 5 गिगाहर्ट्झचा पट्टा बरा.

सर्वांत मोठा धोका विजेचा. जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो, पण बंद पडलेले नेटवर्क पुन्हा उभे राहायला काही मिनिटे लागू शकतात आणि तेवढा वेळ सगळे फोन मुके होतात. त्यामुळे अ‍ॅक्सेस पॉइंट, स्विच आणि एक्स्चेंज या तिन्हींना यूपीएस हवा. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही, तर उपयोग शून्य.

या लहरींचे काय, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. असे फोन साधारण दहाव्या भागाच्या वॉटइतक्या ताकदीने लहरी सोडतात. रुग्णाच्या दृष्टीने जास्त काळजी घ्यावी ती हातोहाती फिरणारा फोन पुसण्याची, कारण त्यावरून जंतू पसरू शकतात.

यंत्रणा बसवल्यावर फोन कानाला लावून जिना, गच्ची, तळघर असे सगळीकडे फिरून पाहावे. 108 ला किंवा अग्निशमन दलाला बोलावण्यासाठी नेटवर्कवर अवलंबून नसलेला एक फोन प्रत्येक मजल्यावर ठेवावा. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला वीज टेलिफोन एक्स्चेंजकडूनच मिळते. फायबरवरच्या फोनला ती मिळत नाही.