कासरा कुणाच्या हातात?

लातूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वाटेत मुरुड येतं. या पट्ट्यातल्या जुन्या गाडीवानांना विचारा. रात्री रानातून परतताना धन्याचा डोळा लागला, तरी बैल गाडी बरोबर घरी आणत. चाकोरी सोडत नसत, ओळखीच्या वळणाला आपणहून वळत आणि गोठ्यापाशी येऊन थांबत. विनाचालक गाडीचं आज जगाला अप्रूप वाटतं; आपल्याकडे ती शिंगांसकट होती!

आता त्या धन्यानं थोडी घेतलेली असली तर? मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ त्याला लागत नाही, कारण ते फक्त मोटार वाहनांसाठी आहे. मोटारवाल्याच्या मात्र १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल निघालं की गुन्हा झाला. अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर त्या सगळ्यात मिळून अवघं दीड ग्रॅम. चहाचा चमचा निम्मासुद्धा भरणार नाही! तेवढ्यासाठी पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

पण या कलमातली खरी गंमत वेगळीच आहे. गुन्हा ‘वाहन चालवताना किंवा चालवू पाहताना’ घडतो. मागच्या सीटवर तर्र होऊन पडलेला मित्र या कलमात सापडत नाही. म्हणजे पोटात काय आहे एवढ्यानं भागत नाही, हातात काय आहे तेही बघावं लागतं. बंद पडलेली गाडी दुसऱ्या मोटारीनं ओढून नेताना तिचं स्टिअरिंग धरून बसलेला माणूसही या कायद्याच्या व्याख्येत ‘चालक’च आहे. इंजिन बंद, तरी कासरा त्याच्या हातात!

आणि स्टिअरिंग आपोआप फिरू लागलं तर?

चाकणला तयार झालेल्या एक्सयूव्ही ७०० या मोटारीच्या वरच्या मॉडेलांत २०२१ मध्ये अशी सोय आली. गाडी लेन धरून ठेवते, पुढच्या गाडीपासून अंतर राखते, वेळ आली तर ब्रेकही लावते. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानतात; ही दुसरी. इथं यंत्र मदतनीस असतं, चालक माणूसच. जानेवारी २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर एक जण टेस्लाच्या स्टिअरिंगमागे बेशुद्धावस्थेत सापडला. अल्कोहोल मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ‘गाडी ऑटोपायलटवर होती,’ हा त्याचा खुलासा. पोलिसांनी त्याला अटक केली आणि गाडी ओढून न्यावी लागली, ती काही स्वतःहून गेली नाही, असा टोलाही मारला.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरातल्या सॅन ब्रुनोत उलटाच प्रकार झाला. पोलीस मद्यपी चालक शोधत उभे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत एका गाडीनं मनाई असलेला यू-टर्न घेतला. अडवून आत पाहतात, तर चालकाच्या जागी कुणीच नाही. ती होती वेमो कंपनीची विनाचालक टॅक्सी. पावती फाडायची कुणाच्या नावानं? पावतीपुस्तकात यंत्रमानवासाठी रकानाच नव्हता!

अशा टॅक्सीत मागे बसलेला कितीही प्यायलेला असो, तो नुसता प्रवासी. खरी अडचण आहे मधल्या पायऱ्यांवर, जिथं गाडी बराच वेळ स्वतः चालते आणि अचानक म्हणते, ‘आता तू सांभाळ.’ ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानं इथं रेघ ओढली आहे. यंत्र चालवत असताना गाडी कशी चालली याचा दोष माणसावर येत नाही. पण वेळेला स्टिअरिंग ज्याच्या हाती येणार, त्याला पिऊन बसायची सूट नाही. आपल्याकडे विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, चालकांची रोजीरोटी जाईल, असं नितीन गडकरी २०१७ पासून सांगत आले आहेत.

बैलांना घरची वाट पाठ असते. पण वळणावर समोरून उसानं लादलेला ट्रॅक्टर आला, तर धन्यालाच दचकून उठावं लागतं आणि कासरा ओढावा लागतो. कायद्याची सगळी नजर त्या एका क्षणावर आहे.