‘नागिन’ची बीन आणि सिंथेसायझरचा लीड

१९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील बीन गारुड्याच्या पुंगीवर वाजवलेली आहे, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. वस्तुतः हेमंतकुमार यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली ती कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हायोलिन या विद्युत वाद्यावर वाजवली होती. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ च्या सुमारास घडवलेले हे वाद्य सिंथेसायझरचे पूर्वज असून, लीड, म्हणजे मुख्य सुरावट वाहणारा एकल आवाज, कसा घडतो हे त्यावरून नेमके कळते.

लीड उठावदार व्हावा म्हणून अनेक ऑसिलेटर, म्हणजे मूळ ध्वनिलहरी निर्माण करणारे घटक, एकावर एक रचावेच लागतात, असे मानले जाते. परंतु क्लॅव्हायोलिनवर एका वेळी एकच स्वर निघे, आणि तरीही श्रोत्यांना बीनच ऐकू आली, कारण त्या स्वरात उपस्वर भरपूर होते आणि कोणते पुढे आणायचे, कोणते दाबायचे हे वादकाला कळींनी ठरवता येत असे. आजच्या सिंथेसायझरवर हेच काम फिल्टर करतो: करवती लहरीत सर्व उपस्वर असतात, फिल्टर त्यांतले वरचे छाटतो, आणि छाटणीच्या सीमेवरचे उपस्वर रेझोनन्सने उचलले की आवाजाला अनुनासिक धार येते. उलट, किंचित बेसूर केलेल्या लहरींची गर्दी आवाज रुंद करते खरी, पण ती वाढत गेली की स्वरस्थान पुसट होते, आणि रागाच्या सुरावटीत हे नुकसान फार मोठे आहे.

पट्ट्यांच्या वाद्यावर मींड अशक्य, हा आक्षेप हार्मोनियमला लागू आहे, सिंथेसायझरला नाही. चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित केलेल्या दहा रागांच्या डिस्को तबकडीत रोलँड ज्युपिटर-८ वरचे स्वर एकातून दुसऱ्यात घसरत जातात, आणि हे पोर्टामेंटो या सोयीमुळे साधते. पोर्टामेंटो सतत चालू ठेवला तर मात्र प्रत्येक स्वर ओघळतो. म्हणून, वाद्यात सोय असल्यास, पहिली पट्टी दाबलेली असताना दुसरी दाबली तरच घसरण घडावी, अशी मांडणी करणे इष्ट. आंदोलनही स्वराच्या आरंभापासून न देता, स्वर स्थिरावल्यावर, सेकंदाला सुमारे ५ ते ६ या गतीने द्यावे, म्हणजे ते गळ्यातून आल्यासारखे वाटते.