अक्षरांचे सांचे

आमच्या कोल्हापुरांत ओतकामाच्या कारखान्यांना तोटा नाहीं. उद्यमनगरांत किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत गेलें, म्हणजे लांकडाचे नमुने रांगेनें मांडलेले दिसतात. कारागीर त्यांना पॅटर्न म्हणतात. नमुना रेतींत दाबावा, उमटलेल्या पोकळींत धातूचा रस ओतावा, कीं त्याच घडणीचा भाग तयार होतो. आज मी ज्या पॅटर्नविषयीं बोलणार आहें, तो मात्र लोखंडाचा नसून अक्षरांचा आहे. संगणकाचे जाणकार त्यास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात; आपण त्यास अक्षरांचा सांचा म्हणूं. हा सांचा मजकुरावरून फिरविला, म्हणजे त्यांत बसणारे शब्द जेथें जेथें असतील, तेथें तेथें संगणक बोट ठेवतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर. ह्या विषयांत माझा अधिकार कसला? ठेंच लागली म्हणून शिकलों, एवढेंच. ती ठेंच प्रथम सांगतों.

एका शाळेचें जुनें जनरल रजिस्टर संगणकांत उतरवून घेण्याचें काम आम्हां चौघां निवृत्त शिक्षकांनीं पत्करलें होतें. नांवें शोधण्याकरितां माझ्या नातवानें पायथॉन ह्या भाषेंत चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला. एके दिवशीं एक वृद्ध बाई आल्या. जन्मतारखेच्या पुराव्यासाठीं त्यांना शाळेंतील नोंद हवी होती. माहेरचें आडनांव माने. मीं सांचा चालविला. उत्तर आलें, शून्य. 'बाई, आपली नोंद येथें नाहीं,' असें मीं सांगितलें. 'गुरुजी, चौथीपर्यंत मी ह्याच शाळेंत होतें,' एवढेंच बोलून त्या निघून गेल्या.

आतां हा सांचा कसा घडतो तें पाहूं. साध्या अक्षराचा अर्थ तेंच अक्षर. कांहीं चिन्हांना मात्र निराळा अर्थ दिलेला आहे. चौकटी कंस म्हणजे आंतील चिन्हांपैकीं कोणतेंहि एक. कु[लळ]कर्णी असें लिहिलें, कीं कुलकर्णी आणि कुळकर्णी हीं दोन्हीं नांवें सांपडतात. आपल्या गांवाचें नांव घ्या. 'कोल्हापूर' ह्यांतील पू दीर्घ, पण 'कोल्हापुरांत' म्हटलें कीं तो ऱ्हस्व होतो. म्हणून कोल्हाप[ुू]र असा सांचा हवा. म्हणजे सांचा घडविण्यास व्याकरण लागतेंच!

प्रश्नचिन्ह येथें प्रश्न विचारीत नाहीं. त्याचा अर्थ इतकाच कीं, लगतचें मागचें चिन्ह असो वा नसो. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या पानावर 'नांव', तर नव्या पानावर 'नाव'. संगणकाच्या दृष्टीनें अनुस्वार हें स्वतंत्र चिन्ह असल्यामुळें नां?व ह्या एकाच सांच्यांत दोन्हीं पिढ्यांचें लेखन बसतें. आंकड्यांचेंहि तसेंच. [0-9] ह्या सांच्यांत देवनागरी आंकडे येत नाहींत. दोन्हीं हवे असतील तर [0-9०-९] असें लिहावें.

टिंब म्हणजे कोणतेंहि एक चिन्ह, आणि तारका म्हणजे मागचें चिन्ह कितीहि वेळां, एकदांहि नसलें तरी चालेल. ही जोडी फार हांवरट आहे. 'माळी, पोवार, जाधव, माने' ह्या ओळीवर मा.*ने हा सांचा फिरविला, तर माळींतील 'मा'पासून मानेंतील 'ने'पर्यंत सबंध ओळ तो गिळून टाकतो. सांचा फार सैल झाला कीं असें होतें.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी ह्यांनीं १९५१ सालीं ती गणिताच्या अंगानें मांडली. १९६८ सालीं केन टॉम्प्सन ह्यांनीं संगणकावर असा शोध जलद कसा घ्यावा हें दाखविलें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथॉनमध्येंहि हें साधन मिळतें. परंतु ह्याचा पहिला संसार रोमन लिपींत झाला, आणि माझी ठेंच नेमकी तेथेंच होती.

त्या रात्रीं मला झोंप लागेना. दुसऱ्या दिवशीं मीं रजिस्टराचीं पानें हातानें उलटूं लागलों. दुपारपर्यंत नोंद सांपडली. संगणकांतहि ती 'माने' अशी बिनचूक उतरविलेली होती! मग सांच्यानें ती कां टाळली?

नातवानें शब्दाच्या दोन्हीं टोकांस 'येथें शब्दाची कड असावी' अशी खूण घातली होती. बॅकस्लॅश आणि बी हें अक्षर मिळून ती होते. कड म्हणजे एका बाजूस शब्दांतलें चिन्ह आणि दुसऱ्या बाजूस शब्दाबाहेरचें. पण पायथॉनचें नेहमींचें साधन आपल्या काना-मात्रा-वेलांट्यांना शब्दांतलें चिन्ह समजतच नाहीं. 'माने' ह्याच्या शेवटीं मात्रा, पुढें मोकळी जागा. त्याच्या लेखीं दोन्हीं बाहेरचीं. मग कड कोठली? उलट 'मानेवाडी' असतें, तर मात्रेपुढील 'व' पाहून त्यानें तेथें कड मानली असती आणि तें नांव आनंदानें उचललें असतें. त्याच न्यायानें 'बाळ' शोधावयास गेलें, तर 'बाळासाहेब' हातीं येतात.

उपाय अवघड नाहीं. युनिकोडमध्यें देवनागरीला १२८ जागांची एक सलग पट्टी दिलेली आहे. कडेच्या खुणेऐवजीं 'मागें आणि पुढें ह्या पट्टींतलें चिन्ह नसावें' असें सांगावें. तो सांचा असा होतो:

(?<![ऀ-ॿ])माने(?![ऀ-ॿ])

पायथॉनसाठीं निराळें मिळणारें रेजेक्स नांवाचें साधनहि मात्रांना शब्दांतच धरतें.

मुख्याध्यापकांच्या सहीचा उतारा घेऊन मी त्या बाईंच्या घरीं गेलों आणि क्षमा मागितली. त्यांनीं चहा पाजला. रागाचा एक शब्दहि काढला नाहीं.

श्रोतेहो, आज ठिकठिकाणीं जुनीं दप्तरें संगणकांत जात आहेत. हें काम करणारांस माझी एकच विनंति आहे. नवा सांचा प्रथम अशा नांवांवर चालवून पाहा, कीं जीं दप्तरांत आहेत हें आपण डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. तीं सांपडलीं, तरच पुढें जा. शून्य ह्या उत्तराचा अर्थ 'सांच्यांत कांहीं बसलें नाहीं' इतकाच असतो. 'असें माणूस येथें नव्हतेंच' असा तो नसतो. हा फरक यंत्रास कळत नाहीं. तो आपणच जाणला पाहिजे, आणि समोर उभ्या असलेल्या माणसास 'नाहीं' म्हणण्यापूर्वीं जाणला पाहिजे.